पंडिता रमाबाई : दुष्काळातून मुक्तीकडे

दुःखाचा नांगर सर्वांच्याच अंतःकरणावरून केव्हा ना केव्हा फिरतो. तथापि नांगरलेल्या सर्वच जमिनीत पीक येते असे नाही. कोठे नुसती ढेकळे उन्हात तापत पडतात. कोठे त्याच मातीत बी रुजते आणि शेजारच्या चार घरांस पुरेल इतके धान्य पिकते. असे का होते, हा प्रश्न विचारी मनुष्यास नेहमी पडतो. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एखाद्या चरित्राने देणे अधिक सुलभ असते. म्हणून ज्या दुष्काळाने मायबाप नेले, तशाच दुष्काळाच्या तोंडातून पुढे शेकडो अनाथ मुली ज्यांनी आपल्या हातांनी बाहेर काढल्या, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात मांडीत आहो.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. विद्वान ब्राह्मणाची कन्या अरण्यात का जन्मावी, यासही कारण आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ होते. तरुणपणी पुण्यास विद्याभ्यास करीत असता आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांस संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक ऐकून त्यांस आश्चर्य वाटले आणि आपल्या पत्नीसही विद्या द्यावी, असे त्यांनी मनाशी ठरविले. पुढे द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांस ते शिकवू लागले, तेव्हा जातभाई खवळले. शास्त्रीबुवांनी वाद केला, शास्त्राधार दाखविले. आणि अखेरीस गावातील कटकट नको म्हणून अरण्यात आश्रम बांधून तेथे ते राहू लागले.

रमा काही महिन्यांची असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोक्यावर दिले होते. त्यानंतर कित्येक वर्षे या कुटुंबास स्थिर घर असे राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम चाले. वडील वृद्ध झाल्यामुळे रमेस शिकविण्याचे काम आईने पत्करले. दिवसभर संसाराची दगदग. म्हणून पहाटे, पक्षी बोलू लागण्याच्या सुमारास, ती माउली मुलीस हलकेच जागी करी आणि मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेई. याप्रमाणे भागवताचे हजारो श्लोक रमेस मुखोद्गत झाले. मुलींस अक्षरओळखही करून देऊ नये असे मानणाऱ्या त्या काळात ही केवढी संपत्ती होती, याचा आमच्या विद्यार्थिनींनी विचार करावा.

परंतु विद्येने पोट भरत नाही, अशी वेळ लवकरच आली. १८७० नंतरच्या त्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाची भयंकर टंचाई पडली. पुराण ऐकणारेच उपाशी, तेथे पुराणिकास कोण देणार? जवळचे द्रव्य दानधर्मात व व्रतवैकल्यांत संपून गेले होते. दागिने विकले, रुप्याची भांडी विकली, शेवटी तांब्यापितळेची भांडीही विकली. अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेली होती. अंगमेहनतीचे काम कोणास येत नव्हते आणि भीक मागण्यास जीभ उचलत नव्हती. तांदळाचा शेवटचा दाणा संपला तेव्हा मरावयाचे ते लोकांच्या डोळ्यांआड मरावे, म्हणून सर्वांनी तिरुपतीनजीकच्या अरण्यात प्रवेश केला. तेथे अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचा बेत केला. तेव्हा आपण मजुरी करून सर्वांस पोशीन, असे म्हणून मुलगा श्रीनिवास याने त्यांस परावृत्त केले. पण वेळ निघून गेली होती. थोड्याच दिवसांत पित्याने देह ठेवला. अंतकाळी त्याने रमेस जवळ घेऊन सन्मार्गाने चालण्याचा व देवाची सेवा करण्याचा उपदेश केला.

काही महिन्यांनी आईनेही तीच वाट धरली. तिचे प्राण कंठाशी आले असता रमा शेजारच्या एका घरी अन्न मागावयास गेली. दारात उभी राहिली, परंतु तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांस मात्र धारा लागल्या. त्या घरच्या बाईने ओळखले व भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो घेऊन मुलगी धावत आली, तो आईस खाण्याचीही शक्ती उरली नव्हती. प्रेत न्यावयास माणसे मिळेनात. मोठ्या मुश्किलीने दोघे ब्राह्मण आले, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची इतरांच्या खांद्यास पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा दांडा तिने डोक्यावर घेतला आणि सुमारे तीन मैलांवरील स्मशानात आईस पोहोचविले. पुढे थोरली बहीणही पटकीने वारली. सोळासतरा वर्षांची बहीण व तिचा भाऊ एवढीच दोघे जगात उरली.

ही दोघे पायी फिरत फिरत उत्तरेस काश्मिरापर्यंत गेली. अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत दोन खळगे करून त्यांत ती निजली व वरून वाळू ओढून घेतली. शास्त्रात सांगितलेली व्रते आईबापांनी निष्ठेने केली होती, मुलांनीही ती चालविली होती. तरी अंतःकरणास आधार मिळेना. अशा प्रकारे त्यांच्या पोटाच्या दुष्काळाबरोबर आशेचाही दुष्काळ पडला. पहिला अन्नाने भागतो, दुसरा अन्नाने भागत नाही. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण रमाबाईंच्या पुढील सर्व चरित्राचा उलगडा याच गोष्टीने होतो.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास आली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली, तिच्या वाणीने ते थक्क झाले आणि त्यांनी तीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. काल जीस भाकरीचा तुकडा मागता येईना, तीच आज मोठमोठ्या सभांत स्त्रीशिक्षणावर व्याख्याने देऊ लागली. ख्रिस्ती उपासना त्यांनी प्रथम पाहिली तीही याच शहरी. भक्तजन खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करताना पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात की काय, असे या दोघा भावंडांस वाटले! त्या वेळी संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची एक प्रत त्यांस भेट मिळाली. परंतु ती वाचून काही बोध झाला नाही. बी पडले होते, पाऊस पडावयाचा होता.

मराठीत दुष्काळात तेरावा महिना अशी म्हण आहे. रमाबाईंच्या आयुष्यात असे तेरावे महिने एकामागून एक आले. १८८० मध्ये सख्खा आधार जो भाऊ, तो निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. त्यामुळे उभयतांवर बहिष्कार पडला. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार सुखाचा चालला होता. १८८१ च्या एप्रिलात कन्या झाली, तिचे नाव मनोरमा ठेविले. तेथेच घरातील पुस्तकांत रमाबाईंस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली व ती त्या आवडीने वाचू लागल्या. इतक्यात फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा अंत झाला. वय वर्षे तेवीस, कडेवर नऊदहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही. एखादी सामान्य स्त्री येथे खचून गेली असती, आणि तीस कोणी दोषही दिला नसता.

रमाबाई मुलीस घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि १८८२ मध्येच हंटर शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षिका व स्त्रियांस स्त्रीडॉक्टर पाहिजेत, असे आग्रहाने सांगितले. स्वतः वैद्यकी शिकावी, या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू सिद्धीस गेला नाही. पण ज्या गोष्टीचा शोध त्यांस लहानपणापासून होता, ती तेथे भेटली.

वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनीमंडळात त्यांची सोय झाली होती, त्या मंडळाचे लंडनातील फुलम येथे पतित स्त्रियांसाठी एक आश्रयगृह होते. ते पाहावयास रमाबाई गेल्या. समाजाने ज्यांस उंबरठ्याबाहेर टाकिले, त्यांस कुलीन बायका मायेने सांभाळितात. इतकेच नव्हे तर त्यांच्यातील कित्येकींचे जीवन पालटून त्या स्वतः इतरांची शुश्रूषा करितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. असे दृश्य त्यांनी पूर्वी कोठेही पाहिले नव्हते. हे कशाच्या बळावर घडते असे विचारता, एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांस वाचून दाखविली. विहिरीपाशी तिऱ्हाईत व तिरस्कृत अशा स्त्रीशी बोलत बसलेला प्रभू येशू त्यांनी पाहिला, आणि जो अशांस हाक मारितो तोच आपला तारणारा, असे त्यांच्या मनाने घेतले. ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे कोणी असे समजू नये की, त्या दिवसापासून सर्व शंका मिटल्या व सर्व मार्ग सुखाचा झाला. रमाबाईंची बुद्धी स्वतंत्र होती. धर्ममतांच्या बाबतीत कोणी वडीलकीने सांगितले म्हणून त्या मान डोलावीत नसत, त्यामुळे वाँटेजच्या भगिनींशीही त्यांचा पुष्कळ वाद झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस असे उमगले की, आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारिला खरा, परंतु खुद्द ख्रिस्तास अंतःकरण दिलेले नाही. तेव्हा त्यांनी आपला भार त्याच्यावर टाकिला आणि ज्या शांतीसाठी देशभर पायपीट केली होती ती त्यांस लाभली. विश्वास हे लहानशा रोपासारखे आहे. ते लावल्या दिवशीच सावली देत नाही.

मध्यंतरी चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात अध्ययन व संस्कृताचे अध्यापन करून १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या हजर होत्या. तेथे राहून त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या योगाने बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. स्वदेशी परतल्यावर ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदासदन’ उघडिले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. बालविधवांस तेथे विद्या व माया दोन्ही मिळत. आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हे पुष्कळांस ठाऊक असेलच.

परंतु त्याच १८९३ साली सदनावर मोठे वादळ आले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात एकच गिल्ला झाला. वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली, सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी आपले अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती समजण्यासारखी होती, त्यांस आम्ही बोल लावीत नाही. रमाबाईंनी तरी काय करावे? त्यांनी कोणास बळे बोलाविले नाही आणि दारही लावले नाही. उरलेल्या मुलींस घेऊन त्यांनी काम पुढे चालविले.

आता या चरित्राचा मुख्य भाग येतो. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता आल्या. वीस वर्षांपूर्वीचे ते अरण्य, ती पाने, आईच्या प्रेताचा तो दांडा, हे सर्व रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मनुष्यस्वभाव असा की, जेथे आपणास चटका बसला तेथे पुन्हा हात घालू नये. शिवाय संस्थेचे उत्पन्न बेताचे, असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. परंतु भुकेल्या मुलीस काय वाटते, हे जीस ठाऊक आहे तीस घरी बसवेना. त्या स्वतः दुष्काळी मुलुखात गेल्या. सरकारी धर्मशाळांत व कामांवर अनाथ तरुण मुलींची काय दुर्दशा होते, दुष्ट लोक अन्नाचे आमिष दाखवून त्यांस कसे पळवितात, हे पाहून त्यांचे हृदय विदीर्ण झाले. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. अस्थिपंजर झालेल्या त्या लेकरांपैकी कित्येक अन्न मिळूनही वाचली नाहीत. त्यांच्या उशाशी बसणे हाही त्या सेवेचाच भाग होता.

पुण्यात त्या सुमारास प्लेग सुरू झाला होता, त्यामुळे इतक्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे सदनाच्या खर्चासाठी फळबाग करावी, म्हणून रमाबाईंनी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेतली होती. त्या उघड्या माळावर तट्ट्यांच्या व गवताच्या झोपड्या उभारून १८९७ मध्ये त्या मुली तेथे ठेवण्यात आल्या. त्यातूनच ‘मुक्तिसदन’ निर्माण झाले. पुढे १९०० च्या सुमारास गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा केडगावच्या सेविका तिकडे धावल्या. पहिल्या दुष्काळात वाचलेल्या काही मुली आता दुसऱ्या दुष्काळातील मुलींस न्हाऊमाखू घालू लागल्या. अल्पावधीत सदनातील माणसांची संख्या २,००० च्या घरात गेली.

एवढ्या लोकांस नुसते जेवू घालणे म्हणजे आशा देणे नव्हे, हे रमाबाई जाणून होत्या. आपल्या कुटुंबास हाताचे काम येत नव्हते म्हणून काय प्रसंग ओढवला, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तिसदनात प्रत्येकीस विद्येबरोबर एखादा धंदा शिकवीत. कोणी माग चालवी, कोणी तेलाच्या घाण्यावर असे, कोणी गाईम्हशी सांभाळी, कोणी शेतात राबे, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. पतित स्त्रियांसाठी कृपासदन उघडिले. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकवीत. पित्याने पत्नीस शिकविले, आईने मुलीस शिकविले आणि त्या मुलीने हजारोंस शिकविले, अशी ही परंपरा आहे.

१९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी जागृती झाली. मुली आपली पातके पदरी घेऊन रडू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या, आणि टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जाऊ लागल्या. ज्यांस काही वर्षांपूर्वी कोणी वाली नव्हता, त्याच आता इतरांस धीर देण्यास निघाल्या.

उतारवयात रमाबाईंनी आणखी एक कार्य हाती घेतले. खेड्यातील अशिक्षित बाईसही समजेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, अशी त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून भाषांतर केले. सदनातील मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, ता. २४ जुलै १९२१ रोजी, ज्या मनोरमाबाईंकडे संस्थेचा भार सोपवावयाचा होता, त्याच आईच्या आधी निघून गेल्या. आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी! तरीही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेविला. १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे, आणि १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीटही काढले.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून काय घ्यावे? ख्रिस्तावर विश्वास ठेविला म्हणजे संकटे टळतात, असे ते मुळीच शिकवीत नाही. रमाबाईंवरील शेवटचा घाव तर सर्वांत मोठा होता. ते शिकविते ते इतकेच की, ज्या दुःखात देव आपला हात धरितो, ते दुःख वाया जात नाही. आईसाठी आणलेला भाकरीचा तुकडा आईच्या मुखी लागला नाही. रमाबाईंनी तो आयुष्यभर जणू हातात जपून ठेविला, आणि प्रभूने त्याच्या हजारो भाकरी केल्या. तुमच्या घरीही कधी आजार येईल, कधी पैशाची ओढ लागेल, कधी परीक्षेत अपयश येईल, कधी जिवलग माणूस जाईल. अशा वेळी आपले दुःख कवटाळून कोपऱ्यात बसू नका. देवापुढे ते मोकळे करा. मग उठा, आणि तेच दुःख ज्याच्या दारी आले असेल त्याचे दार ठोठावा.

पालकांसही एकच विनंती आहे. पहाटेच्या अंधारात एका गरीब आईने मुलीस श्लोक शिकविले, तेव्हा त्यातून पुढे काय निघेल हे तीस माहीत नव्हते. घरात टंचाई असली म्हणजे प्रथम मुलीची शाळा बंद होते, असा अनुभव येतो. तसे होऊ देऊ नये. आपल्या कन्यांच्या मनात आज पडलेले बी कोणत्या दुष्काळात कोणास अन्न देईल, हे परमेश्वरच जाणतो.